दुकाने, ऑफिसे आणि मंगल कार्यालय एकाच आवारात: पार्किंगला किती जागा लागतील?

खाली दुकाने, वर ऑफिसे, गच्चीवर हॉटेल, मागच्या बाजूला मंगल कार्यालय. अशा संकुलाच्या पार्किंगचा हिशोब बहुतेक वेळा एकाच चुकीच्या रीतीने होतो. प्रत्येकाला त्याच्या ऐन गर्दीत किती जागा लागतात ते विचारतात आणि सगळ्यांची बेरीज करतात. पण ऑफिसे सकाळी साडेअकराला भरतात आणि हॉटेल रात्री साडेआठला. एकच जागा दोघांचे काम भागवू शकते. अमेरिकेतल्या अर्बन लँड इन्स्टिट्यूटने १९८३ साली वेळेनुसार हिशोब करायची ही पद्धत नीट आखून दिली. पद्धत घ्यावी, तिथले आकडे उचलू नयेत. तिकडे लग्नाचे मुहूर्त नाहीत आणि दुचाक्यांची अशी गर्दीही नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. बांधकाम परवानगीसाठी नियमावलीत सांगितलेल्या जागा द्याव्याच लागतात, त्यातून या हिशोबाने सुटका होत नाही. आहेत त्या जागा कोणी, कधी वापरायच्या हे ठरवायला तो उपयोगी पडतो.

मोजणी

सकाळी ८ ते रात्री १० दर अर्ध्या तासाने फेरी मारा. प्रत्येक फेरीत जागेचा क्रमांक आणि गाडीच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहा. नुसत्या गाड्या मोजल्या तर किती जागा भरल्या एवढेच कळते. आकडे लिहिले की कोणती गाडी किती वेळ उभी राहिली तेही कळते, आणि खरा उपयोग त्याचाच असतो. दुकानासमोरच्या जागेवर एकच नंबर सलग सोळा फेऱ्यांत दिसला, तर ती गाडी गिऱ्हाइकाची नाही, दुकानदाराची किंवा त्याच्या माणसाची आहे. फेरी वीस मिनिटांत संपली पाहिजे. संपत नसेल तर दुसरा माणूस घ्या, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या जागेची वेळ जुळत नाही.

आवाराबाहेरच्या गल्लीत, फुटपाथवर लागलेल्या गाड्याही मोजा. आत जागा मिळाली नाही म्हणून बाहेर गेलेले गिऱ्हाईक तिथेच सापडते. उलट शेजारी रेल्वे स्टेशन किंवा दवाखाना असेल तर आतल्या काही गाड्या परक्या असतात, त्या वजा करा.

दिवस कोणते निवडायचे? साधा बुधवार, एक रविवार, आणि आठवड्याच्या मधल्या वारी आलेला लग्नाचा मुहूर्त. हा तिसरा दिवस हमखास विसरला जातो. चातुर्मासात मोजणी करून समाधान मानले, तर तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच मोठ्या मुहूर्ताला रस्ता तुंबतो. मोजणीची तारीख पंचांग पाहूनच ठरवा.

दुचाक्यांचा तक्ता वेगळा ठेवा. कारच्या एका जागेत, म्हणजे अडीच बाय पाच मीटरमध्ये, साधारण चार दुचाक्या धरा. कागदावर पाच बसतात, पण मधली गाडी काढायला दोन हलवाव्या लागतात.

हिशोब

समजा, ऐन गर्दीत ऑफिसांना १२० कार, दुकानांना ६०, हॉटेलला ५० आणि कार्यालयाला ७० जागा लागतात. बेरीज ३००. आता वेळेनुसार पाहा.

बुधवारी सकाळी ११:३० वाजता ऑफिसे १२०, दुकाने ३०, हॉटेल १५, कार्यालय रिकामे. एकूण १६५.

रविवारी रात्री ८ वाजता ऑफिसे शून्य, दुकाने ६०, हॉटेल ५०, कार्यालयात रिसेप्शन असेल तर ५६. एकूण १६६.

गुरुवारी मुहूर्त असेल तर दुपारी १२:३० वाजता ऑफिसे १०८, दुकाने ३०, कार्यालय ७०. हॉटेलात जेवायला ३० गाड्यांइतके लोक येतात, पण त्यातले निम्मे वरच्या ऑफिसातूनच चालत येतात. त्यांच्या गाड्या ऑफिसच्या आकड्यात आधीच आल्या आहेत, म्हणून हॉटेलचे १५ च धरा. एकूण २२३.

निघालेला आकडा ०.९ ने भागा. दहा टक्के जागा मोकळ्या नसतील तर माणूस जागा शोधत गोल गोल फिरतो आणि रॅम्प अडतो. १६६ चे झाले १८५, २२३ चे झाले २४८. नेहमीच्या दिवसांसाठी १८५ जागा पुरतात. ३०० ची गरज कधीच पडत नाही.

मुहूर्ताच्या दिवसाचे काय? त्या मोजक्या दिवसांसाठी तळघराचा आणखी एक मजला खोदणे आम्हाला पटत नाही. त्या दिवशी माणसे उभी करून सगळ्या १८५ जागा भरता येतात, म्हणजे ३८ गाड्यांची सोय बाहेर करायची. शेजारच्या शाळेचे मैदान त्या तारखांना भाड्याने घ्या. पण गुरुवारी शाळा भरलेली असते, तेव्हा मैदान मिळेल का हे आधी लेखी घ्या. दुसरा उपाय, ड्रायव्हर ठेवून मधल्या रस्त्यात दुहेरी रांग लावा, मात्र अग्निशमन गाडीची वाट मोकळी ठेवूनच. खर्च कार्यालयाच्या भाड्यात धरा, दुकानदारांवर टाकू नका.

जागा मोजताना होणाऱ्या चुका

नकाशावरचा आकडा खरा धरू नका. दोन खांबांमध्ये आखलेल्या जागेत मोठी गाडी लागते, पण दार उघडत नाही. जनरेटर, भंगार, पाण्याच्या टँकरची जागा हे सगळे वजा करा. दोन मजली यांत्रिक पार्किंगमध्ये वरची गाडी काढायला खालची हलवावी लागते. अशा जोडजागा एकाच ऑफिसला द्या, अनोळखी गिऱ्हाइकांसाठी धरू नका.

बाहेर पडायची वाटही तपासा. लग्न लागून जेवणे झाली की ७० गाड्या एकदमच निघतात. गेटवर एका गाडीला १५ सेकंद धरले तरी मिनिटाला चारच गाड्या सुटतात, म्हणजे साडेसतरा मिनिटे रांग. पावती आत येतानाच द्या आणि पैसेही तेव्हाच घ्या.

चालवायचे कसे

नावाची पाटी लागली की ती जागा वाटून वापरायची सोय संपली. ऑफिसच्या मालकाची पाटी असलेली जागा रात्रभर आणि रविवारभर रिकामी राहते, गिऱ्हाईक बाहेर फुटपाथवर गाडी लावते. पाटी लावायचीच असेल तर वेळेची लावा: 'सोम ते शनि, सकाळी ९ ते सायं. ६:३०'. कर्मचाऱ्यांच्या गाड्या सर्वांत खालच्या तळघरात, थोड्या वेळासाठी येणाऱ्यांच्या वर, दाराजवळ.

वर फ्लॅट असतील तर रहिवाशांच्या जागा या हिशोबातून बाहेर ठेवा. दिवसा त्या रिकाम्या होतात असे गृहीत धरू नका, बऱ्याच गाड्या आठवडाभर घरीच उभ्या असतात. पहाटे ५ आणि दुपारी १२ अशा दोन फेऱ्यांत फरक दिसेल. स्टिल्टखालची जागा फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीची सामाईक जागा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात दिला आहे. त्यामुळे ती दिवसा बाहेरच्यांना द्यायची असेल तर बिल्डरचा शब्द पुरेसा नाही, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव हवा.

बाकीच्यांशी लेखी करार करा. कोणाला कोणत्या तासांना किती जागा, वॉचमन आणि विजेचा खर्च कोणत्या प्रमाणात, नुकसान झाले तर जबाबदारी कोणाची. आणि एक कलम विसरू नका: वापर बदलला तर मोजणी पुन्हा करायची. ऑफिसच्या जागी क्लासेस आले की सगळे गणित फिरते. संध्याकाळी पाच ते आठ, म्हणजे दुकानांच्याच गर्दीच्या वेळी, शेकड्यांनी दुचाक्या येतात, आणि बॅच बदलताना जुनी मुले गेलेली नसतात तोवर नवी येऊन थडकतात. क्लासवाल्यांना दोन बॅचमध्ये पंधरा मिनिटांचे अंतर ठेवायला सांगा. फुकटात होणारा हाच एक उपाय आहे आणि तो लगेच लागू पडतो.