फ्लुरोसंट प्रोब वापरताय? मग या चुका टाळा

दर जानेवारीत एमएस्सीची पोरं प्रोजेक्टसाठी लॅबमध्ये येतात, फ्लुरोसंट प्रोब, म्हणजे ठरावीक पदार्थ भेटला की चमक बदलणारं रसायन, वापरायला. कुणाला हायड्राझिन पकडायचंय, कुणाला सायनाइड, कुणाला पारा. विषय बदलतात, चुका मात्र त्याच, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रोब न घातलेला नुसता नमुना फ्लुरोमीटरमध्ये (चमक मोजणाऱ्या मशीनमध्ये) बघायचंच विसरणं. मागे एका ग्रुपने भिडे पुलाजवळून मुठेचं पाणी आणलं होतं, प्रोब कुमारिन या रंगद्रव्याचा, हायड्राझिन भेटलं की निळा चमकणारा. प्रोब घातला, 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरला, झकास निळा, लगेच मोबाईलवर फोटो, ग्राफ, आणि नदीत हायड्राझिन सापडलं म्हणून रिपोर्टही लिहायला घेतला. मी म्हटलं नुसतं पाणी लावा बघू. लावलं तर तेही जवळजवळ तेवढंच चमकलं. कपड्यांच्या पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर असतात, ते अतिनील प्रकाश शोषतात आणि निळा सोडतात, म्हणून कपडे जास्त पांढरे दिसतात, आणि सांडपाण्याबरोबर तेच नदीत येतात. वर कुजलेल्या पाल्यातले ह्युमिक पदार्थ, तेही साधारण त्याच पट्ट्यात चमकतात. दोन महिन्यांचं काम गेलं, एक मुलगी तर रडायलाच आली. हायड्राझिन साधी गोष्ट नाहीये, बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन काढायला वापरतात, विषारी आहे, कॅन्सरचाही धोका आहे. नदीकाठच्या माणसांना असलं काही सांगायचं तर आधी आपली खात्री नको का? दहा मिनिटांचं काम असतं हो.

माझी सवय सांगतो. चार क्युवेट (मोजायच्या छोट्या पारदर्शक कुप्या) शेजारी शेजारी: नुसता बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), बफरमध्ये प्रोब, नुसता नमुना, नमुन्यात प्रोब. मग पाचव्यात नमुना आणि प्रोबबरोबर मोजून हायड्राझिन घालायचं आणि घातलं तेवढं परत मोजता येतंय का बघायचं. हे पाच झाल्याशिवाय मी कुणाचा ग्राफ बघत नाही. आणि नमुन्याच्या बाटल्या घरच्या कपड्यांच्या पावडरीने धुऊ नका, कारण वर आलंच.

दुसरी चूक, प्रोब जास्त घातला की चमक जास्त मिळेल ही समजूत. द्रावण दाट झालं की येणारा प्रकाश क्युवेटच्या पुढच्या भागातच शोषला जातो, डिटेक्टर बघतो मधला भाग, तिथे पोचतच नाही काही. ग्राफ आधी चढतो, मग वाकतो, मग खाली येतो आणि पोरं म्हणतात नमुन्यातलं काहीतरी क्वेंच करतंय, म्हणजे चमक विझवतंय. क्वेंचिंग खरंच असू शकतं, तांबं आणि लोह तेच करतात, पण आधी दहापट पातळ करून बघा, चमक वाढली तर दोष द्रावणाचा. एक्सायटेशनच्या, म्हणजे चमकवायला टाकलेल्या प्रकाशाच्या, तरंगलांबीला अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला जातो ते) 0.1 च्या खाली ठेवा. आधी यूव्हीवर (शोषण मोजणाऱ्या मशीनवर) मोजा, मगच फ्लुरोमीटरला हात लावा, मी तरी असंच करतो. आणि यूव्हीच्या दोन बाजू खरखरीत असलेल्या क्युवेट फ्लुरोमीटरमध्ये घालू नका, तिथे चारही बाजू पारदर्शक लागतात.

350 नॅनोमीटरला एक्साइट केलं आणि 397 च्या आसपास छोटा पीक दिसला तर नाचू नका, तो पाण्याचा रामन पीक आहे, म्हणजे पाण्यानेच विखुरलेला प्रकाश. एक्सायटेशन 10 ने सरकवा, पीक पण सरकतो.

पीएच न बघता नमुना घालणारे पण भरपूर. हायड्राझिनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंना प्रोटॉन चिकटलेला असतो) 8 च्या आसपास, आम्लात त्याला प्रोटॉन चिकटतो आणि मग ते प्रोबवर हल्लाच करत नाही, विष असून रीडिंग शून्य. पण पीएच जुळवायचं म्हणून सायनाइडच्या नमुन्यात आम्ल कधीही, कधीही घालू नका, हायड्रोजन सायनाइड वायू निघतो आणि तो माणूस मारतो. यावर माझ्याशी वाद घालू नका.

राहिलं स्टॉकचं, म्हणजे प्रोबच्या दाट साठ्याच्या द्रावणाचं. ते ज्या डीएमएसओ या द्रावकात करतात तो 18.5 डिग्रीला गोठतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी पुण्यात बाटली अर्धवट घट्ट झालेली असते आणि घाईघाईत वरचं पातळ तेवढं पिपेटने उचलतात, मग कॉन्सन्ट्रेशन काय आलं देव जाणे. कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवा, नीट हलवा, मग घ्या.