चांद्रमोहिमेचा आराखडा: उतरण्याच्या घटकेपासून उलट मोजणी

चंद्रावर मानवरहित यान उतरवण्याची मोहीम कागदावर आखायला बसलेले विद्यार्थी बहुधा प्रक्षेपकापासून सुरुवात करतात. अशा सरावात मी त्यांना पहिली गोष्ट सांगतो ती अशी की, प्रक्षेपक तूर्त बाजूला ठेवावा आणि यान जिथे टेकणार आहे त्या जागी सूर्य केव्हा उगवतो ते आधी शोधून काढावे. आराखड्यातील इतर सर्व तारखा त्या एका घटकेपासून मागे मोजत ठरतात.

सौरऊर्जेवर चालणाऱ्या लँडरला काम करायला एक चांद्रदिवस मिळतो, म्हणजे पृथ्वीवरचे सुमारे १४ दिवस. त्यानंतरच्या तेवढ्याच लांब रात्री दक्षिण ध्रुवाच्या बाजूचे तापमान उणे १०० अंश सेल्सियसच्याही बरेच खाली जाते आणि बहुतेक उपकरणे त्यातून वाचत नाहीत. म्हणून सूर्योदयानंतर लवकरात लवकर उतरावे. मात्र सूर्य क्षितिजाच्या थोडा वर आलेला असावा, म्हणजे कड्यांच्या सावल्यांतून जमीन मोकळी होते आणि दगडधोंड्यांच्या उरलेल्या सावल्या कॅमेऱ्याला धोका ओळखायला मदत करतात.

हा सूर्योदय शोधण्यासाठी आपल्या घरातले पंचांग प्राथमिक अंदाजापुरते उत्तम चालते. चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते, आणि तेवढ्याच काळात चंद्रावरची सूर्योदयाची रेषा सुमारे १२ अंश पश्चिमेकडे सरकते. शुद्ध अष्टमीच्या मध्याला ती बिंबाच्या मधोमध, शून्य रेखांशाजवळ असते. चांद्रयान-३ उतरले ती जागा ६९.३७ अंश दक्षिण अक्षांश आणि ३२.३२ अंश पूर्व रेखांशावर आहे. ३२ ला १२ ने भागले की पावणेतीनच्या आसपास उत्तर येते. अष्टमीच्या मध्यापासून तितक्या तिथ्या मागे गेले की आपण पंचमीच्या उत्तरार्धात पोहोचतो. २०२३ मध्ये नागपंचमी २१ ऑगस्टला होती, म्हणजे तिथे सूर्य त्याच सुमारास उगवला. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर उतरला २३ ऑगस्टला, श्रावण शुद्ध सप्तमीला, सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. चंद्राच्या डोलण्यामुळे या हिशेबात काही अंशांचा फरक पडतो, म्हणून अंतिम आकडा नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या होरायझन्स या संगणकीय सेवेतून घ्यावा. पण अंदाज स्वतः हाताने काढलेला असला की संगणकाची चूक लगेच नजरेत भरते.

सप्तमीचा चंद्र सायंकाळी आकाशात चांगला वर असतो, हेही इथे महत्त्वाचे आहे. बंगळुरूजवळच्या ब्याळाळु येथील ३२ मीटर व्यासाच्या अँटेनाला उतरण्याच्या वेळी चंद्र दिसत असला पाहिजे. एका ठिकाणाहून तो दिवसातून साधारण निम्मा वेळच दिसतो, त्यामुळे उरलेल्या तासांसाठी परदेशी केंद्रांची मदत आराखड्यातच धरावी लागते.

तारीख ठरली की उलट मोजणी सुरू होते. ध्रुवावरून जाणाऱ्या चंद्रकक्षेचे प्रतल अवकाशात जवळजवळ स्थिर राहते आणि त्याच्या खाली चंद्र रोज सुमारे १३ अंश फिरतो, म्हणून निवडलेली जागा उजेडात असताना कक्षेच्या बरोबर खाली महिन्यातून एकदाच येते. यान चंद्रापाशी कोणत्या दिवशी आणि कोणत्या दिशेने पोहोचते, यावर ते प्रतल ठरते. त्यावरून पृथ्वीची कक्षा सोडण्याची तारीख निघते आणि प्रक्षेपणाची तारीख सर्वांत शेवटी हाती लागते. मधल्या टप्प्यांत थोडे ताणता येतील असे दिवस मुद्दाम ठेवावेत. चांद्रयान-२ चे प्रक्षेपण १५ जुलै २०१९ वरून २२ जुलैवर गेले, तरी उतरण्याची तारीख ६ सप्टेंबरवरून फक्त ७ सप्टेंबरवर सरकली, कारण चंद्राभोवती फिरण्याचे दिवस कमी करून आठवडा भरून काढता आला.

यानंतर इंधनाचा हिशेब करावा. या हिशेबातले नाणे म्हणजे वेगबदल. अभियंत्यांच्या बोलण्यात त्याला डेल्टा-व्ही म्हणतात. पृथ्वीपासून १७० किलोमीटर उंचीवरच्या वर्तुळाकार कक्षेत यानाचा वेग सेकंदाला ७.८० किलोमीटर असतो आणि तिथून चंद्रापर्यंत पोहोचायला तो १०.९४ किलोमीटर लागतो. एलव्हीएम-३ प्रक्षेपकाने १४ जुलै २०२३ रोजी ३,९०० किलो वजनाचे चांद्रयान-३ सुमारे १७० बाय ३६,५०० किलोमीटरच्या लंबवर्तुळात सोडले. या कक्षेच्या उपभू बिंदूपाशी, म्हणजे पृथ्वीला सर्वांत जवळच्या ठिकाणी, वेग १०.२८ किलोमीटर असतो, म्हणजे यानाच्या स्वतःच्या इंजिनाकडे ०.६६ किलोमीटर प्रतिसेकंद एवढेच काम उरते. इंजीन नेहमी उपभू बिंदूपाशी चालवावे, कारण वेग जितका जास्त असेल तितकी तेवढ्याच इंधनातून अधिक ऊर्जा पदरात पडते.

हे काम एका दमात करायला मोठे इंजीन लागते. लहान इंजिनाने बराच वेळ जळत राहावे तर यान उपभूपासून दूर निघून जाते आणि इंधन वाया जाते, म्हणून इस्रोने ते सहा ज्वलनांत विभागले. १५ जुलैला अपभू बिंदू, म्हणजे कक्षेतले पृथ्वीपासून सर्वांत दूरचे ठिकाण, ४१,७६२ किलोमीटरवर होता, २० जुलैला तो ७१,३५१ वर गेला आणि २५ जुलैला १,२७,६०३ वर. १ ऑगस्टच्या अखेरच्या ज्वलनाने तो एकदम ३,६९,३२८ किलोमीटरवर नेला. वाचकाने हे गणित स्वतः करून पाहावे: सव्वालाखावरून पावणेचार लाखांच्या जवळ जाण्याचा हा शेवटचा टप्पा सेकंदाला अवघ्या १७० मीटरच्या आसपास वेगबदलात पार पडतो. मला या मोहिमेतला सर्वांत सुंदर आकडा हाच वाटतो.

पण त्याच गणिताची दुसरी बाजू कठोर आहे. या शेवटच्या ज्वलनात वेग सेकंदाला एक मीटरने चुकला, तर अपभू बिंदू सुमारे ४,००० किलोमीटरने सरकतो, आणि चंद्राची त्रिज्या आहे १,७३७ किलोमीटर. त्यामुळे वाटेत मार्ग मोजण्यासाठी वेळ आणि दुरुस्तीच्या छोट्या ज्वलनांसाठी इंधन राखून ठेवावे. ज्वलन वेळ मोजून थांबवायचे की वेगातला बदल मोजून, हेही इथेच ठरवावे. रशियाच्या लुना-२५ चे इंजीन १९ ऑगस्ट २०२३ रोजी ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चालले आणि यान चंद्रावर आदळले. वेगबदल मोजणाऱ्या उपकरणाकडून इंजीन थांबवण्याचा संकेत वेळेवर आलाच नाही. दोन्ही मोजण्या एकमेकींवर पहारा ठेवतील अशी योजना करावी.

चंद्रापाशी पोहोचल्यावर वेग कमी करण्याचे दोन खर्च येतात: सुमारे १०० किलोमीटरच्या कक्षेत स्थिरावण्यासाठी ०.८ ते ०.८५ आणि तिथून जमिनीवर येण्यासाठी सुमारे १.९ किलोमीटर प्रतिसेकंद. इंजिनातून वायू सेकंदाला ३.१ किलोमीटर वेगाने बाहेर पडतात असे धरले, तर पृथ्वीजवळचा टप्पा वजनातले सुमारे १९ टक्के खातो, चंद्रकक्षाप्रवेश उरलेल्यातले सुमारे २४ टक्के, आणि उतरणे त्यानंतर उरलेल्यातले जवळजवळ निम्मे. म्हणजे सगळे यान जसेच्या तसे उतरवले तर मूळ वजनाचा तिसरा हिस्साच जमिनीला टेकेल. म्हणूनच प्रॉपल्शन मॉड्यूल, म्हणजे लँडरला चंद्रकक्षेपर्यंत नेणारा भाग, वरच सोडून देतात. चांद्रयान-३ ने ते १७ ऑगस्टला केले.

खालच्या कक्षेत जास्त दिवस रेंगाळण्याचे बेत करू नयेत. चंद्राच्या पृष्ठभागाखाली दाट द्रव्याचे असमान साठे आहेत आणि ते कक्षा ओढून बिघडवतात. अपोलो-१६ ने १९७२ मध्ये सोडलेला लहान उपग्रह ३५ दिवसांत चंद्रावर कोसळला तो याच कारणाने.

उतरण्याच्या आराखड्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पृथ्वीवरून संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंदांहून अधिक काळ लागतो, त्यामुळे उतरण्याची सुमारे १९ मिनिटे यान पूर्णपणे स्वतःच्या हिमतीवर असते. विक्रमने ३० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला १.६८ किलोमीटर आडव्या वेगाने सुरुवात केली. ६९० सेकंद जोरदार वेग कमी करून तो साडेसात किलोमीटरच्या आत आला, दहा सेकंद यानाची स्थिती पक्की केली, मग पुन्हा वेग उतरवत १५० मीटरवर थबकून खालची जमीन पाहिली. प्रत्येक टप्प्यासाठी ‘इथे अपेक्षेपेक्षा वेगळे घडले तर यान काय करील?’ हा प्रश्न लिहून त्याचे उत्तरही लिहावे. चांद्रयान-२ च्या, २०१९ मध्ये कोसळलेल्या विक्रममध्ये इंजिनांचा जोर अपेक्षेहून थोडा जास्त निघाला, चुका साचत गेल्या, यानाला झपाट्याने वळण्याची मुभा सॉफ्टवेअरमध्ये नव्हती, आणि ५०० बाय ५०० मीटरच्या चौकटीत पोहोचण्याची सक्ती होती. २०२३ मध्ये ती चौकट ४ बाय २.४ किलोमीटर केली गेली. जपानच्या हाकुतो-आर यानाने एप्रिल २०२३ मध्ये विवराचा कडा ओलांडताना रडारने उंचीत दाखवलेली मोठी उडी चूक समजून नाकारली आणि सुमारे पाच किलोमीटर उंचीवर असतानाच आपण जमिनीला टेकलो असे मानले. त्या मोहिमेत उतरण्याची जागा आराखड्याच्या तपासणीनंतर बदलली होती. जागा बदलली तर वाटेतल्या जमिनीचा सराव पहिल्यापासून करावा, यात सवलत घेऊ नये.

आराखड्याच्या शेवटच्या पानावर पर्यायी दिवस असतो. चांद्रयान-३ ने २३ ऑगस्टला उतरायचे की नाही याचा निर्णय दोन तास आधी घ्यायचा आणि काही खटकल्यास २७ ऑगस्टला उतरायचे, असे ठरले होते. मात्र तेव्हाची जागा शेकडो किलोमीटर दूर असणार होती. चार दिवसांत कक्षेखालची जमीन आणि सूर्योदयाची रेषा, दोन्ही पन्नासएक अंशांनी पुढे जातात, आणि ६९ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०.७ किलोमीटरच भरतो. तेव्हा पर्यायी दिवस लिहिताना त्याच्यासमोर पर्यायी जागेचे अक्षांश-रेखांश आणि तिचा स्वतंत्र नकाशाही जोडावा.