केनियाच्या पठारावर सफारी रिसॉर्टला राहायचंय? तयारी साताऱ्यातच करा

आफ्रिका म्हटलं की उकाडा, ही समजूत आधी काढून टाका. माउंट केनियाच्या पायथ्याला लायकिपिया पठार आहे. विषुववृत्त तिथूनच जातं, पण उंची साधारण १,७०० ते २,००० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही जास्त. पहाटे उघड्या जीपमध्ये बसलात की वाऱ्याने कान दुखतात. लोकरीची टोपी, मफलर आणि जाड जॅकेट हवंच. दुपारी मात्र त्याच उंचीमुळे ऊन चांगलंच चटकतं.

कधी जायचं? आपल्याकडे मुलांची सुट्टी मे महिन्यात असते, आणि घोळ इथेच होतो. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस. पठाराच्या बऱ्याच भागात काळी कापसाची जमीन आहे. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला जास्त सांगायला नको: भिजली की ट्रॅक्टरही रुतवते. तिथे जीप रुतते आणि फेरी चिखलातच संपते. जून ते ऑक्टोबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी निवडा. दिवाळी ऑक्टोबरात आली तर ती सुट्टी उत्तम जमते.

पिवळ्या तापाची लस सगळ्यात आधी घ्या. गावातल्या डॉक्टरांकडची चालत नाही. सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिथलंच पिवळं कार्ड ग्राह्य धरतात. पासपोर्ट बरोबर न्या. प्रमाणपत्र लसीनंतर १० दिवसांनी लागू होतं. एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. ते नसेल तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, गरोदरपण असेल किंवा वय ६० च्या पुढे असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लस घेऊ नका. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारा. व्हिसाच्या जागी जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास-परवाना आहे. तो निघायच्या आधीच काढायचा असतो.

आता बॅग. मुंबई-नैरोबी विमानातलं वजन विसरा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून पठारावर लहान विमान जातं आणि त्यात हातातल्या पिशवीसकट साधारण १५ किलोच चालतात, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस सामानाच्या कप्प्यात बसतच नाही. कपडे खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे घ्या. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे चावणारी त्सेत्से माशी ओढली जाते. लष्करी छापाचे कपडे केनियात कायद्यानेच चालत नाहीत. मुलांच्या बॅगेत तशी पँट नाही ना, हे नक्की तपासा.

प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर तिथे २०१७ पासून बंदी आहे. सांगलीचं भडंग, बेदाणे न्यायचे तर घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. डबा राहायच्या तंबूत ठेवू नका, स्वयंपाकघरात सांभाळायला द्या. खाण्याचा वास आला की माकडं आणि बबून तंबूची चेन सहज उघडतात. बाहेर पडताना दोन्ही चेनी पार खाली आणा आणि कडी असेल तर ती अडकवा.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लेखी कळवा: मांस, मासे, अंडी चालत नाहीत; कांदा-लसूण चालतो की नाही. किराणा लांबून येतो, आयत्या वेळी सांगून नुसती उकडलेली भाजीच मिळते. आधी कळवलंत तर जेवण छान मिळतं. चपाती तिथल्या लोकांच्या रोजच्या खाण्यात आहे, आणि शब्दही चपातीच. स्वाहिलीत 'बिला न्यामा' म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ असू द्या.

आमचं ठाम मत असं, की एकाच ठिकाणी किमान ३ रात्री राहा. ३ दिवसांत ३ रिसॉर्ट धावत बघण्यात पैसे जातात आणि हाती फक्त प्रवास लागतो. दुपारी पोचून २ रात्री राहिलात तर पूर्ण दिवस एकच मिळतो. बुकिंग शक्यतो खाजगी संवर्धन क्षेत्रात करा. राष्ट्रीय उद्यानात सहसा न मिळणारी रात्रीची फेरी आणि पायी भटकंती तिथे करता येते. जगातले शेवटचे दोन उत्तरी पांढरे गेंडे, नाजिन आणि फातू ही मायलेकींची जोडी, याच पठारावर ओल पेजेटा या संवर्धन क्षेत्रात आहेत. लहान मुलं असतील तर वयाची अट आधी विचारा. पायी फेरीला ती हमखास असते.

पहाटे साडेपाचला चहा तंबूत येतो. उजाडताच गाडी निघते आणि नऊ-दहाला परत येते. दुपारी आराम, चारला दुसरी फेरी. पहाटेची फेरी झोपेपायी सोडू नका. ऊन तापलं की सिंह, बिबटे सावलीला जातात. अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने बाहेर पडायचं नाही. राखणदाराला बोलवायचं, तो टॉर्च घेऊन पोचवतो. कुंपण नसलेल्या कॅम्पमधून रानटी म्हशी रात्री मोकळ्या फिरतात. जेवून आल्यावर पांघरुणात पायाला काहीतरी गरम आणि मऊ लागलं तर दचकू नका, ती गरम पाण्याची रबरी पिशवी असते.

चार्जिंग बहुतेक सौर विजेवर होतं, म्हणून बॅटऱ्या दिवसाच भरून घ्या. तिथल्या सॉकेटला तीन चपट्या पिना लागतात, आपला प्लग बसत नाही. अडॅप्टर इथूनच न्या.

बक्षिसीसाठी सुटे डॉलर न्या, नोटा नव्या छपाईच्या असाव्यात, जुन्या घ्यायला लोक कचरतात. गाइडला वेगळी द्या. बाकीच्यांसाठी बहुधा एक पेटी असते, तिच्यात टाकलेले पैसे भांडी घासणाऱ्यापर्यंत पोचतात.