तिकिटं, पावत्या आणि रंग: प्लायवरचं कोलाज

चित्रकार अतुल दोडिया यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं रंगवली. तुमच्या कोलाजसाठी, म्हणजे कागद चिकटवून केलेल्या चित्रासाठी, सुरुवातीला ६ मिमी प्लायचा फूटभर तुकडा पुरेल. दोन्ही बाजूंना अ‍ॅक्रिलिक प्रायमर द्या. एकाच बाजूला दिलात तर प्लाय वाकतो.

मशीनमधून निघालेलं तिकीट किंवा एटीएमची पावती थेट चिकटवू नका. तो थर्मल कागद असतो, उजेडात अक्षरं उडून जातात. त्याची लेझर झेरॉक्स लावा. इंकजेटची शाई ओल्या गोंदात पसरते. दोन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी मिसळा. कागद आणि प्लाय, दोन्हीला पातळ हात द्या आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढा. कागद कोरडाच दाबला की हमखास फुगे येतात. रंग द्यायचा तो गोंद रात्रभर वाळल्यावरच. वर्तमानपत्राचं कात्रण लावलंत तर ते पिवळं पडणारच, तो पिवळा रंगसंगतीत आधीच धरा.