जुना डिझेल पिकअप घ्यायचा का? आधी इंजिनाला हात लावून बघा

अमेरिकेत येऊन सहा-आठ महिने झाले की बरेच जण मला हाच प्रश्न विचारतात: "काका, एक जुना डिझेल पिकअप ट्रक मिळतोय, रोख पैसे द्यायचेत, घेऊ का?" हा प्रश्न का पडतो हे मी समजू शकतो. इथे पहिल्या वर्षी क्रेडिट हिस्टरी (कर्ज फेडल्याची जुनी नोंद) नसते, कर्ज मिळालंच तर व्याज चढं असतं, आणि रोखीत येणाऱ्या गाड्यांत हा ट्रक सगळ्यात दणकट दिसतो. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: त्याच्या मागे काय जोडणार आहेस?

लँडस्केपिंगचं सामान, मोठा ट्रेलर, घोड्यांचा ट्रेलर, शेतावर गवताचे गठ्ठे, असं काही आठवड्यातून दोनदा तरी ओढायचं असेल तर पुढचं वाचा. रोज चार मैलांवरच्या ऑफिसला जायचं असेल तर हा ट्रक घेऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. डिझेल इंजिन तापायलाच वेळ घेतं. छोट्या फेऱ्यांत ते तापण्याआधीच बंद होतं आणि आत काजळी साचत जाते. २००७ च्या नियमांनंतरच्या ट्रकांना सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आला, म्हणजे डीपीएफ. तो स्वतःची काजळी जाळतो, पण त्यासाठी हायवेवर सलग चालणं लागतं. गावातल्या गावात फिरवलेल्या ट्रकचा तो फिल्टर तुंबतो आणि बदलायचा झाला की खिसा रिकामा होतो. शिवाय सगळा खर्च जाडजूडच. फोर्डच्या ७.३ लिटरच्या इंजिनात ऑइल बदलायचं तर १५ क्वार्ट लागतं, म्हणजे साधारण १४ लिटर. टायरही जड वजनाचे घ्यावे लागतात.

दुसरी अट: घरात आणखी एक चालती गाडी हवी. वीस वर्षांचा ट्रक कधीतरी आठवडाभर गॅरेजमध्ये पडणारच. त्या आठवड्यात तुमची नवी नोकरी त्याच्यावर अवलंबून असता कामा नये.

आता इंजिनांबद्दल. जुन्यांत लोक सगळ्यात जास्त शोधतात ते डॉज रॅममधलं कमिन्सचं ५.९, सरळ रांगेत सहा सिलिंडरचं, १९८९ ते २००७ पर्यंत आलेलं. त्यातलं १९९८ पर्यंतचं बारा व्हॉल्व्हचं इंजिन जवळपास पूर्ण यांत्रिक आहे, त्यामुळे दुरुस्तीला सोपं. नव्वदच्या दशकात त्याच्या मागे बसवलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र इंजिनाच्या ताकदीला पुरा पडत नाही, म्हणून मॅन्युअल मिळाला तर तो आधी बघा. फोर्डचं ७.३ पॉवर स्ट्रोक, १९९४ ते २००३, हेही दीर्घायुषी. त्याचा कॅम पोझिशन सेन्सर कधीकधी चालता चालता दगा देतो आणि इंजिन एकदम बंद पडतं. जाणकार मालक एक जादा सेन्सर आणि तो काढायचा पाना गाडीतच ठेवतात. विकणाऱ्याने तो दाखवला तर मला त्या माणसाबद्दल विश्वास वाटतो. त्यानंतर आलेल्या फोर्डच्याच ६.० इंजिनाचे हेड गॅस्केट (ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं सील) आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणारा भाग) बदनाम आहेत. ती कामं पावतीनिशी झालेली नसतील तर नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. जीएमच्या २००१ ते २००४ च्या ड्युरामॅक्स इंजिनात इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) व्हॉल्व्ह कव्हरच्या आत आहेत, म्हणून ते बदलायची मजुरी जबर पडते. बदलले आहेत का, एवढं जरूर विचारा.

ट्रक बघायला सकाळीच जा आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. माझा पहिला ट्रक मी दुपारी बघितला होता. मालकाने तो आधीच गरम करून ठेवला होता, मी किल्ली फिरवली आणि तो लगेच लागला. तिसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत पहाटे अर्धा तास धडपडलो, बॅटऱ्या उतरल्या, इंजिन लागलं नाही. आठपैकी पाच ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून तापवणारे) मेलेले निघाले. गरम इंजिनाला त्यांची गरज पडत नाही, म्हणून दुपारी काहीच कळलं नव्हतं. तेव्हापासून मी बॉनेट उघडून पहिल्यांदा इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवतो. कोमट लागला तर पुढच्या बंपरखाली वायर लोंबतेय का बघतो. ती ब्लॉक हीटरची (थंडीत इंजिन कोमट ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची) असते आणि रात्रभर प्लगला लावलेली असू शकते.

इंजिन थंड आहे तोवर रेडिएटरचा वरचा होज दाबा. रात्रभर उभ्या गाडीचा होज मऊ लागायला हवा. दगडासारखा कडक असेल तर सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) शिरतोय, म्हणजे हेड गॅस्केटचा संशय घ्या. कूलंटच्या टाकीच्या झाकणाभोवती वाळलेले पांढरे ओघळ असतील तरी तेच. मग सुरू करायला सांगा आणि तुम्ही मागे जाऊन उभे राहा. थंडीत पहिला पांढरट धूर येऊन मिनिटभरात विरला तर ठीक. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट.

यानंतरची परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्याच भोकावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर चालेल. उडून पडलं आणि आतून भकाभका वाफ आली, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. मीटरवर कितीही कमी मैल दिसोत, तिथून परत फिरा. मीटरचं म्हणाल तर, २०१० किंवा त्याआधीच्या मॉडेलला विकताना मैलांचा आकडा लिहून देण्याची केंद्रीय सक्ती आता उरलेली नाही. म्हणून आकड्यापेक्षा सर्व्हिसच्या पावत्या मागा.

बर्फाळ राज्यांतला ट्रक असेल तर खाली आडवे व्हा. रस्त्यावरच्या मिठाने फ्रेम खाल्ली जाते, वरून रंग मात्र चकाचक राहतो. पाना घेऊन फ्रेमवर ठोका. पोपडे सुटले किंवा पाना आत गेला तर इंजिन कितीही चांगलं असू दे, घेऊ नका.

कागदांत टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) विक्रेत्याच्याच नावावर आहे का, त्यावर बँकेचा बोजा किंवा 'सॅल्व्हेज' (मोठ्या नुकसानीमुळे मोडीत काढलेली गाडी) असा शेरा आहे का आणि व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) जुळतो का, हे बघा. जाहिरातीत "डिलीट केलाय" असं असेल तर धुराची यंत्रणा काढून टाकली आहे असं समजा. ते केंद्रीय कायद्याविरुद्ध आहे, आणि धुराची तपासणी असलेल्या राज्यात रजिस्ट्रेशन अडकतं. कॅलिफोर्नियात तर १९९८ आणि नंतरच्या, १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी असते. सगळं पसंत पडलं तरी पैसे देण्याआधी डिझेलच्याच मेकॅनिकला एकदा दाखवा. पेट्रोल गाड्यांचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी या कामाला तो नको. विक्रेता मेकॅनिककडे न्यायला नाही म्हणाला तर तिथेच नमस्कार करा.

ठरलेल्या पैशांपैकी सगळे गाडीतच घालू नका. निदान पाचवा हिस्सा हाताशी ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या, फिल्टर, होज आणि टायर यांपैकी काहीतरी निघतंच.

आणि पंपावर लक्ष असू द्या. इथे 'गॅस' म्हणजे पेट्रोल. पेट्रोलची नळी बारीक असल्यामुळे ती डिझेलच्या टाकीत सहज जाते, कोणी अडवत नाही. नळीच्या रंगावर जाऊ नका, पंपावरचं नाव वाचा. चुकून पेट्रोल भरलंच तर किल्ली फिरवू नका, 'फक्त बाजूला घेतो' म्हणूनही नाही. ट्रक ढकलून बाजूला लावा, टो ट्रक (गाडी ओढून नेणारा) बोलवा आणि टाकी रिकामी करून घ्या. इंजिन सुरूच झालं नाही तर पंप आणि इंजेक्टर बहुतेक वाचतात.