सल्ला घेताना या चुका टाळा (आमच्या मेव्हण्याने सगळ्या केल्यात)

एकाच माणसाला पाच तोंडांनी ऐकणे. ही माझी सगळ्यात नावडती चूक. मेव्हण्याला ठाण्यात कासारवडवलीला वन बीएचके घ्यायचा होता, मला म्हणाला भावोजी, पाच जणांना विचारलं, पाचही म्हणतात ८५ लाख बरोबर रेट आहे, सोडू नकोस. मी एकेकाला फोन लावत बसलो तर चौघांना तो आकडा एकाच ब्रोकरने सांगितलेला आणि पाचव्याला त्या चौघांतल्याच एकाने! पठ्ठ्याने टोकन देऊन टाकलेलं. नंतर इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) काढला तर त्याच बिल्डिंगमध्ये तेवढाच फ्लॅट ७६ ला रजिस्टर झालेला, दोनच महिने आधी.

पाच जणांना विचारायचं ते पाचही जण स्वतंत्र असतील तरच. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथच्या जत्रेत लोकांनी बैलाचं कापून साफ केल्यावरचं वजन ओळखायच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या, फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर त्यातल्या ७८७ तपासल्या. बरोबर मधला अंदाज निघाला १२०७ पौंड, खरं वजन ११९८. पण तिथे प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहिलेली, शेजाऱ्याची बघून नाही. म्हणून मी आता प्रत्येकाला आधी एकच विचारतो, तुला हे कुठून कळलं?

आकडा सांगून मग विचारणे. "८५ ठीक आहे ना?" म्हटलं की समोरच्याचं डोकं ८५ च्या आसपासच फिरतं. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हेच दाखवलं, चक्र फिरवून आलेला भलताच आकडासुद्धा लोकांचा अंदाज ओढून नेतो. मी माझा आकडा लाइट बिलाच्या मागे लिहून ठेवतो आणि समोरच्याला फक्त "किती वाटतं?" एवढंच. नंतर दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबायचं. एरवी आपण दुसऱ्याचं थोडंसंच ऐकतो, स्वतःचंच खरं धरतो, माझंही तसंच होतं.

जो ठासून बोलतो त्यालाच बरोबर समजणे. ठासून बोलायला काय, फुकट आहे.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोल टाकणे. पहिल्या दोघांनी मत दिलं की बाकीचे मेंढरं, कशाला टाकता, दोन फोन करायचा कंटाळा येतो म्हणूनच ना?

ठरवून झाल्यावर विचारणे. हा सल्ला नाही, शाबासकी मागणं आहे, आणि घाईवाल्यांना तीच हवी असते. परवा मेव्हण्याचा फोन, "भावोजी, गाडी बुक केली. कशी वाटते?"

मी म्हटलं कलर छान आहे.