पावसाळ्यात खोगिरांना बुरशी लागू नये म्हणून

माथेरान-महाबळेश्वरच्या पावसात घोड्याचं सामान बंद खोलीत ठेवलं, की आठवड्याभरात चामड्यावर पांढरी-हिरवी बुरशी दिसू लागते. खोलीतली बरीचशी ओल आपणच आत आणतो : घामाने भिजलेला नमदा (खोगिराखालची लोकरीची गादी) आणि घोंगडी. त्यांना आधी बाहेर काढा. पडवीत दोरी बांधा, तिथेच वाळू द्या. निम्मं काम इथेच होतं.

१. खोगीर भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी घोडीवर (स्टँडवर) ठेवा. जमिनीवर किंवा खिळ्याला नको. वर जुनं सुती लुगडं पांघरा. प्लास्टिकखाली वाफ कोंडते.

२. धुकं किंवा पाऊस असेल तर खिडक्या बंद. कोरडी उघडीप मिळाली की समोरासमोरच्या दोन्ही उघडा.

३. आर्द्रतामापक टांगा. आकडा ६५ टक्क्यांच्या वर राहू लागला की डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लावा. वीज नसेल तर ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवा, पण खोगिराच्या खाली किंवा वर कधीच नको. त्यातून सुटणारं खारं पाणी चामडं खराब करतं आणि रिकिबी, कड्या गंजवतं.

बुरशी आलीच, तर सामान खोलीबाहेर नेऊन पुसा. आत झटकलं तर बीजाणू सगळ्या सामानावर बसतात. मग सॅडल सोपने (चामड्याच्या साबणाने) साफ करून सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा उन्हात चामडं तडकतं.

तेल मात्र बेताने, पातळ हात फिरवण्यापुरतंच. वर राहिलेला जादा थर बुरशीचं खाद्य होतो. शिवणी आणि तंगाच्या (घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या) पट्ट्यांची आतली बाजू दर आठवड्याला उलटून पाहा, सुरुवात बहुधा तिथूनच होते.